पावणेचारचा मिस्ड कॉल

मी मुळात भित्री. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना कोणी मला शूर वगैरे समजणार नाही. लहानपणी कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत मी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसे. आई म्हणायची, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. ब्रह्मराक्षस काही कधी भेटला नाही, पण लग्न मात्र अशा माणसाशी केलं जो रोज सकाळी डबा घेऊन तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात जातो. त्यानंतर भ्यायला दुसरं काही शोधायची गरज पडली नाही.

आम्ही दोघं पनवेलच्या कॉलेजात एकत्र होतो. तो केमिस्ट्रीचा, मी झूलॉजीची. त्याला प्लांटमध्ये नोकरी लागली आणि काही वर्षांनी मला तळोज्यातच एका खासगी प्रयोगशाळेच्या ॲनिमल हाउसमध्ये. नातेवाइकांत कोणी विचारलं की तो ऐटीत सांगतो, "ही उंदरांची मास्तरीण आहे." लोक हसतात, पण त्यात खोटं काही नाही. एखाद्या नव्या औषधानं जनावराचं शिकणं मंदावतं का, हे आमच्याकडे तपासतात. त्यासाठी आधी जनावर काहीतरी शिकलेलं असावं लागतं. ते मी शिकवते.

शिकवायला एक पेटी असते, बिस्किटांच्या मोठ्या डब्याएवढी. आत एका भिंतीला छोटी वाटी आणि भिंतीमागे फीडर. फीडर फिरला की टक् असा आवाज होतो आणि वाटीत साखरेची एक बारीक गोळी पडते. पहिले काही दिवस उंदरानं काहीच करायचं नसतं. त्याला थोडी भूक ठेवलेली असते. तो हुंगत फिरतो, मधूनच टक् होतं, गोळी पडते. पहिल्या दिवशी तो आवाजाला दचकून कोपऱ्यात जाऊन बसतो. आठवडा संपता संपता तोच उंदीर आरामात तोंड धूत बसलेला असला तरी टक् ऐकलं की गर्रकन वळून वाटीकडे धावतो.

मग खरी परीक्षा. गोळ्या काढून टाकायच्या, फीडर रिकामा ठेवायचा आणि पेटीत दोन दांड्या बसवायच्या, त्यानं जन्मात न पाहिलेल्या. एक दाबली की नुसतं टक् होतं. दुसरी दाबली तर काहीच होत नाही. गोळी कुठेच नाही. उंदीर फिरता फिरता चुकून पहिल्या दांडीवर पाय टाकतो, टक् होतं, तो वाटीकडे पळतो, वाटी रिकामी. परत येतो. थोड्या वेळानं तो ती दांडी मुद्दाम दाबायला लागतो आणि दुसरीकडे ढुंकूनही पाहत नाही. एक अख्खं नवं काम तो शिकतो, आणि त्याची मजुरी म्हणून त्याला मिळतो नुसता आवाज.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. "अरे गाढवा, वाटीत बघ ना जरा," असं मी उंदराला म्हणाले, आणि मागे आमचे सर उभे होते. सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख, कमी बोलणारे, चहात साखर न घेणारे गृहस्थ. ते म्हणाले, "तो बघतोय की. वाटी रिकामी आहे हे त्याला दिसतंय. पण गोळीची गोडी आवाजाला चिकटलीय. आता आवाजच त्याचं बक्षीस." मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आवाजाचा भरवसा जास्त दिवस टिकवायचा असेल तर शिकवतानाच अधूनमधून टक् करायचं आणि गोळी द्यायचीच नाही, किंवा उशिरा द्यायची. ज्याला दर वेळी मिळतं तो मिळायचं थांबलं की लवकर सोडून देतो. ज्याला कधी मिळतं, कधी नाही, तो दाबतच राहतो. मी ते वहीत लिहून घेतलं. माझं अक्षर चांगलं आहे.

आता घराकडे येते. घर पनवेलला. नवऱ्याची पहिली पाळी सात ते तीन. पुढच्या पाळीच्या माणसाला काम समजावून देणं, अंघोळ, कपडे बदलणं, हे सगळं धरून तो गेटबाहेर पडायला पावणेचारच्या आसपास होतात. सुरुवातीची वर्षं मी तीन वाजल्यापासून घड्याळ बघत बसायचे. तळोज्यात वास रोजचाच. कधी सडक्या अंड्यांचा, कधी नेलपॉलिशचा, आणि संध्याकाळी तर लोक खिडक्या लावूनच घेतात. पण मला प्रत्येक वासात त्याचाच कारखाना दिसायचा. भोंगा वाजला की पोटात गोळा यायचा, मग तो सोमवारच्या चाचणीचा भोंगा असला तरी. एकदा त्याच्या शेजारच्या प्लांटमधला एक ओळखीचा माणूस हात भाजून घेऊन आला, तेव्हा तर मी दोन दिवस जेवले नाही. भाजलेला माणूस मात्र तिसऱ्या दिवशी आमच्याकडे पोहे खाऊन गेला.

यावर तोडगा काढला तो खालच्या मजल्यावरच्या भाभींनी. त्या मूळच्या म्हसळ्याकडच्या. नवरा वीस-बावीस वर्षं मस्कतला. त्यांचं सगळं संसाराचं गाडं फोनवर चाललेलं. एक दिवस जिन्यात मला रडवेली पाहून त्या म्हणाल्या, "अगं, एवढी फिक्र करून जीव जाईल तुझा. त्याला सांग, गेटबाहेर आलास की एक रिंग दे आणि काप. बस. आमच्याकडे कॉल महाग होते ना, तेव्हा हे जुम्म्याची नमाज झाली की एक रिंग द्यायचे. एक रिंग म्हणजे खैरियत. दोन म्हणजे तू फोन कर. माझी सगळी जवानी रिंगवर गेली बघ." आणि हसल्या. भाभींना रडण्याच्या गोष्टी हसून सांगायची सवय आहे.

आता कॉल फुकट झालेत, पण माझ्या नवऱ्याला ही युक्ती आवडली, कारण तीत बोलावं लागत नाही. त्यांच्या प्लांटमध्ये कॅमेऱ्याचा फोन गेटच्या आतच नेता येत नाही, आणि साधा फोनही प्लांटपर्यंत जात नाही. एका ठिणगीनं काय होईल सांगता येत नाही म्हणून. त्यामुळे कामावर तो बटणांचा जुना फोन नेतो. गेटवर वॉचमनच्या केबिनमध्ये लाकडी खण आहेत. तिथे फोन ठेवायचा, पितळी टोकन घ्यायचं, सुटताना टोकन देऊन फोन घ्यायचा. दोनचं बटण दाबून धरलं की मला फोन लागतो. एक रिंग, आणि कट.

ॲनिमल हाउसमध्येही फोन न्यायला बंदी आहे. उंदरांना आवाज सोसत नाही. मी तो थरथरण्यावर ठेवून एप्रनच्या खिशात लपवत असे. पावणेचारच्या सुमाराला मांडीपाशी एकदा थरथर व्हायची आणि थांबायची, आणि माझा जीव भांड्यात पडायचा. मग तासाभरात तो घरी पोहोचे, मी सहापर्यंत. सुरुवातीला घरी जाऊन त्याच्या चपला दारात दिसल्या की खरं बरं वाटायचं. मग हळूहळू चपलांचं काही वाटेनासं झालं. बरं वाटायचं ते पावणेचारलाच वाटून गेलेलं असायचं. सरांच्या हे लक्षात आलं होतं. एकदा थरथर झाल्यावर मी मोठा उसासा टाकला, तेव्हा वर न बघता ते म्हणाले, "मॅडम, आपल्या वाटीत पडली वाटतं गोळी." मी लाजले, पण फोन काही बाहेर ठेवला नाही.

मग मी एक दिवस माती खाल्ली. पाच वाजत आले तरी थरथर झाली नव्हती. फोन लावला तर नुसता वाजत होता. मी तशीच निघाले. अंगात एप्रन, डोक्यावर जाळीची टोपी, पायात बुटांवर चढवलेली निळी प्लास्टिकची मोजडी, अशा अवतारात रिक्षा करून त्याच्या गेटवर गेले आणि तिथल्या वॉचमनकाकांवर ओरडले. काका जवळच्याच गावचे, साठीला आलेले, शांत माणूस. ते म्हणत होते, "वहिनी, तुमी बसा. पानी घ्या. साहेब येतील आता." मी काही बसले नाही. शेवटी तो आला. त्याच्या जागेवरचा माणूस उशिरा आला होता, एवढंच. त्याच्यामागून पाचसहा सहकारी आले आणि माझ्या पायातल्या निळ्या मोजड्यांकडे बघून सगळ्यांनी एकाच वेळी आभाळाकडे पाहिलं. बाईकवर मागे बसवून त्यानं मला घरी आणलं. दार उघडताना म्हणाला, "उद्यापासून तू गेटवरच बस. हजेरी घे सगळ्यांची."

पण दुसऱ्या दिवसापासून थरथर कधी चुकली नाही. आधी ती कधी तीन चाळीसला यायची, कधी चारला पाच कमी असताना. त्या दिवसानंतर ती बरोबर पावणेचारला यायला लागली. रोज. घड्याळ लावून घ्यावं अशी. मला वाटलं, बायकोचा धाक बसला एकदाचा. कधी तो घरी उशिरा पोहोचायचा, माझ्याही नंतर, तेव्हा म्हणायचा, "कळंबोलीला जाम." कळंबोलीचा जाम ही अशी सबब आहे की ती खोटी असू शकते हे पनवेलच्या माणसाच्या डोक्यातच येत नाही. उंदरानं दांडी दाबायला लावलेला अर्ध्या सेकंदाचा उशीर टिपणारी मी बाई. पण रोज एकाच मिनिटाला येणारी ती रिंग मला खटकली नाही.

तो गुरुवार होता, थंडी सरत आली होती. सव्वातीनला भोंगा वाजला. सोमवार नसताना. आधी आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. मग वास आला, नेहमीचा नाही, नाकात झोंबणारा, ब्लीचिंग पावडरचा डबा तोंडाशी उघडावा तसा. सरांनी बाहेरची हवा आत घेणारे पंखे बंद करायला लावले आणि सगळ्यांना आत बोलावलं. कोणीतरी गच्चीवरून पाहून आलं आणि सांगितलं की गडबड कालव्याच्या बाजूला आहे. कालव्याच्या बाजूला म्हणजे त्याच्या कारखान्याच्या बाजूला. मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन त्याला फोन लावला. वाजत राहिला. वाजणारच, खणात होता. तरी मी चार वेळा लावला. टेबलाला धरून उभी होते आणि भिंतीवरच्या घड्याळाशी माझी बोलाचाली चालली होती. साडेतीन. तीन पस्तीस. देवा, एवढं एकदा होऊ दे, मग मी वर्षभर मासे खाणार नाही. तीन चाळीस. तीन त्रेचाळीस.

पावणेचारला फोन थरथरला. एकदा. आणि थांबला.

मी खाली बसले, फरशीवरच. डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंडानं मी त्याला शिव्या देत होते, छळवाद्या, मेल्या, काय काय. पाच मिनिटांनी तोंड धुतलं आणि बाहेर आले. सर म्हणाले, "घरी जायचं असेल तर जा." मी म्हटलं, "नको, आला फोन. सुटला तो." वास ओसरत चालला होता. त्या दिवशी एका उंदराची शेवटची परीक्षा होती, रिकाम्या फीडरची. शेपटीवर मार्करच्या दोन रेघा असलेला तो उंदीर. परीक्षा एकदा सुरू केली की मध्ये थांबवता येत नाही. मी त्याला पेटीत सोडलं, तांबडा दिवा लावला आणि काचेपाशी बसले.

तो उंदीर फार कामसू निघाला. दांडी दाबायची, टक्, पळत जाऊन वाटी हुंगायची, परत यायचं, पुन्हा टक्. मला त्याचं कौतुक वाटत होतं. मन इतकं हलकं होतं की मी गुणगुणत होते. साडेचारच्या पुढे खिशात थरथर सुरू झाली. लांबलचक. पाहिलं तर अनोळखी नंबर, लँडलाइनचा. त्या आठवड्यात कोन गावाजवळच्या कुठल्याशा नव्या टॉवरवाल्यांनी फ्लॅट घ्या, फ्लॅट घ्या म्हणून जीव नकोसा केला होता. मी एप्रनवरूनच बटण दाबून गप्प केला. दहा मिनिटांनी पुन्हा आला. पुन्हा गप्प केला. तिसऱ्यांदा आला तेव्हा चिडले. सर नसते तर त्या बिल्डरला चांगली सुनावली असती. ज्याचा फोन यायचा तो पावणेचारलाच येऊन गेला होता. बाकी जगातला कुठला फोन मला घ्यायचा होता?

सहाला घरी आले तर दाराला सकाळी लावलेलं कुलूप तसंच होतं. म्हटलं, कळंबोलीला जाम. भात लावला. सव्वासहा. गॅस बंद केला. फोन लावला, वाजत राहिला. बाहेर पडलेल्या माणसाचा फोन खिशात असतो, तो उचलतो. मग मला ते तीन कॉल आठवले. त्या नंबरावर लावला तर कोणी उचलेना. मी जिना उतरून भाभींच्या दारात गेले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. ओढणी घेतली, पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, "चल."

रिक्षात भाभी तोंडातल्या तोंडात दुवा पुटपुटत होत्या. मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते, "रिंग आलेली भाभी. बरोबर पावणेचारला. एकच रिंग. म्हणजे खैरियत." त्या म्हणत होत्या, "हो बाई, हो." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

गेटवर दिवे लागले होते. बाहेर एक पोलिसांची गाडी आणि पाइप गुंडाळणारे बंबवाले. वॉचमनकाकांनी मला पाहिलं आणि ते खुर्चीतून उठलेच.

"वहिनी, तुमी अजून हॉस्पिटलात नाय गेलात? टाइम ऑफिसमधून तुमाला किती फोन केलं!"

"कुठलं हॉस्पिटल? तो तर सुटला ना पावणेचारला. रिंग दिली त्यानं."

काकांनी केबिनच्या चौकटीला हात टेकला.

"ते तवा आतच होते वहिनी. वाल्व बंद कराला गेल्ते. रिंग मीच दिली."

"तुम्ही?"

"रोज मीच देतो. तुमी त्या दिवशी येऊन वरडलात ना, तवापासून. साहेबांनीच सांगितलंय. म्हनाले, काका, मला उशीर झाला तर ती जीव घेईल स्वताचा. तुमी आपला दोनचा बटन दाबा नि कापा. पावनेचारला चाय येते माजी, मंग आठवन रहाते."

भाभींनी माझा दंड घट्ट धरला होता. मी विचारलं, "काका, आज भोंगा वाजला होता ना? तरी दिलीत?"

"वाजला म्हनूनशानच दिली," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "मना वाटला, वहिनी घाबरतील."

मला ओरडायचं होतं. त्या दिवशी साध्या उशिराला ओरडले होते, आणि आज फक्त हॉस्पिटलचं नाव विचारलं. काकांनी खणातून त्याचा फोन काढून माझ्या हातात दिला, टोकन न मागता. मी तो मुठीत धरून पुन्हा रिक्षात बसले. सव्वातीन ते सात. एवढा वेळ तो संकटात होता आणि मी उंदराचं कौतुक करत गुणगुणत होते. हॉस्पिटल पनवेलच्या वाटेवरच होतं. सहाला घरी जाताना मी त्याच्यासमोरूनच गेले होते.

डॉक्टर तरुण होते आणि स्पष्ट बोलणारे. वायू छातीत गेलाय, म्हणाले. आता बरा दिसतोय, पण अशा वेळी त्रास काही तासांनी वाढू शकतो, रात्रभर पाहावं लागेल. उद्या दुपारपर्यंत मी तुम्हाला काही सांगणार नाही. त्याला बोलायला लावू नका. पाच वाजता त्यानं दोनदा माझं नाव घेतलं, असं नर्सनं सांगितलं. तेव्हा मी तिसरा कॉल गप्प करत होते.

तो पलंगावर टेकून बसवलेला होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे लालभडक सुजलेले, हातावर सुई. मी पलंगाशी जाऊन उभी राहिले. त्याची छाती वरखाली होत होती, ते मला दिसत होतं. मी त्याच्या पायाला हात लावला, पाय गरम होता. तो माझ्याकडे बघत होता. माझा नवरा जिवंत, हातभर अंतरावर. आणि तरी माझं अंग ते मानायला तयार नव्हतं. दात कडाकडा वाजत होते. पोटातला गोळा तसाच. मी त्याला पुन्हा पुन्हा बघत होते आणि जणू दुसऱ्याच कोणाच्या तरी माणसाला बघतेय असं वाटत होतं. इतकी भीती मला भोंग्याच्या वेळीही वाटली नव्हती.

त्याला ते कळलं असावं. इतकी वर्षं त्यानं माझी भीती सांभाळलीय, त्याला माझ्या तोंडावर ती वाचता येते. त्यानं सुई नसलेला हात पुढे केला आणि बोटांनी खूण केली. आधी मला कळेना. मग कळलं, फोन मागतोय. मी मूठ उघडली. त्यानं तो जुना फोन घेतला, अंगठा शोधत शोधत दोनच्या बटणावर नेला, दाबून धरला आणि माझ्याकडे बघत राहिला.

माझ्या पर्समधला फोन थरथरला. एकदा. त्यानं कट केला.

आणि माझ्या छातीतून श्वास सुटला. दात वाजायचे थांबले. गोळा विरघळला. मी तिथेच पलंगाच्या कडेला बसले आणि मोठमोठ्यानं रडले. नर्स आली, भाभी आल्या. भाभी म्हणाल्या, "रडू दे, नवऱ्याला पाहून बरं वाटलं तिला." नवऱ्याला पाहून वाटलं नव्हतं. मला हे कोणालाही सांगता आलं नाही, आजवर सांगितलेलं नाही, आणि त्या क्षणी मास्कच्या आत तो हसत होता, तेव्हा त्याला तर मुळीच सांगता येण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, धोका टळला. दोन महिन्यांनी तो पुन्हा कामावर गेला. आता त्याला कंट्रोल रूममध्ये, काचेच्या आत बसवतात. जिना चढताना मधल्या टप्प्यावर थांबतो आणि खिडकीतून काहीतरी बघायचं सोंग करतो. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यानं शपथ घेतली की यापुढे बटण तो स्वतःच दाबेल, गेटबाहेर येऊन. मीही ठरवलं की यापुढे प्रत्येक फोन उचलायचा, मग तो कोनच्या बिल्डरचा का असेना. काही महिने सगळं नीट चाललं. रिंग कधी तीन अडतीसला, कधी चारला, कधी चार दहाला. ती वेळेवर येत नाही याचा मला आधार वाटायचा. माणूस स्वतः बाहेर येतो तेव्हा वेळ पुढेमागे होणारच.

गेल्या आठवड्यात मंगळवारी ती पावणेचारला आली. बुधवारीही पावणेचारला. गुरुवारी मी फोन हातात धरून घड्याळाकडे बघत उभी होते, आणि काटा तिथे पोहोचला तशी ती आली, एकदा, आणि थांबली. कोणाचं बोट होतं ते विचारायला एक फोन पुरला असता. गेटचा नंबर माझ्याकडे आहे, पाठ आहे. मी तो लावणारच होते. पण थरथर होऊन गेली होती, श्वास सुटला होता, हात गरम झाले होते, आणि लावावासा वाटावा एवढी भीती अंगात उरलीच नव्हती.

सरांनी आतून हाक मारली. मी फोन खिशात ठेवला आणि पुढचा उंदीर पेटीत सोडला.